वापरायचं पाणी

तुम्ही कोणी आला नाहीत, म्हणून मी लिहिते. वस्तीतल्या बायका मला अजून विचारतात, तिथं काय पाहिलंस गं, आणि मी सांगायला लागले की आमची लेक मितू रडते नाहीतर कोणाचा तरी कुकर शिट्टी देतो, आणि सगळं अर्धंच राहतं. बचत गटाच्या ताई म्हणाल्या, जशी बोलतेस तशी लिही. माझं शिक्षण आठवीपर्यंत, आणि मला दमानं बोलता येत नाही, एकदा सुरू झाले की धाप लागेपर्यंत थांबत नाही, तेव्हा कुठं श्वास घ्यायचा ते तुमचं तुम्ही बघा.

आणि मी घाबरट आहे. हेही आधीच सांगते. आमचे हे आयटी कंपनीची गाडी चालवतात, हिंजवडीपर्यंत रोज पोरांना सोडतात, ते मला म्हणाले, तू? तुला स्वारगेटचा रस्ता ओलांडता येत नाही, तू खडकवासल्याला जाणार? मी म्हणलं, जाणार.

कारण असं होतं. मांजरीत आमच्या वस्तीला लागून जिथं आधी ऊस होता तिथं आता टॉवर झालेत, तुम्हाला माहितीच आहेत. त्या टॉवरवाल्यांचे कदम साहेब आमच्याकडे आले आणि म्हणाले, टॉवरचं सगळं सांडपाणी आम्ही सोलरवर शुद्ध करणार, उन्हावर चालतं सगळं, आणि तुम्हाला वापरायचं पाणी दिवसभर देणार, फुकट. मग एवढे नळ कशाला हवेत तुम्हाला? तुम्ही हो म्हणालात की कॉर्पोरेशनकडून आम्ही नळाची ही लाइन हलवून घेतो, रस्ता रुंद होईल, आणि प्यायच्या पाण्याला एक नळ कोपऱ्यावर ठेवू. रविवारी मीटिंग, हात वर करायचे, झालं.

सगळ्यांना आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी येतं आणि भांडी भरेपर्यंत जातं. दिवसभर पाणी म्हणजे काय ते रांगेत उभं राहिलेल्या बाईलाच कळतं. पण मितूला पावसाळ्यात हगवण लागली होती, पोरगी काकडीच्या सालीसारखी सुकली होती, एवढ्याशा हातात सलाईनची सुई. तेव्हापासून कोणी पाणी म्हणलं की मी आधी कुठलं ते विचारते. मी विचारलं, साहेब, असं पाणी कुठं बघायला मिळेल का? साहेब हसून म्हणाले, मिळेल की, खडकवासल्याच्या रस्त्याला कॉलेज आहे, त्यांच्या होस्टेलमागे असाच प्लांट आहे, जा बघून या. त्यांना वाटलं असेल, ही कुठली जातेय.

शुक्रवार

माझ्याबरोबर हौसाबाई होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हौसाबाई आमच्या घरमालकीण, मांजरीच्या मूळच्या शेतकरी, टॉवरखाली त्यांचाच ऊस गेला. त्यांची नणंद खडकवासल्याला दिली आहे, त्या तिला भेटायला निघाल्याच होत्या. बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी मला सांगून टाकलं की रस्ता रुंद झाला तर त्यांच्या उरलेल्या तुकड्याला भाव येतो. "मी काय लपवीत न्हाय, मला रस्ता पायजेल हाय. तू बघ तुझं पानी." मला हे बरं वाटलं. निदान कळलं तरी कोण कुठं उभं आहे.

स्वारगेटला उतरले. एवढ्या बस, एवढी माणसं, आणि प्रत्येकाला कुठं जायचंय ते ठाऊक. मितूला छातीशी धरून मी चौकशीच्या खिडकीवर गेले आणि एका दमात विचारलं की सोलरवर पाणी शुद्ध करतात तिथं कसं जायचं. आतले काका पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "इथं बसची चौकशी आहे, पाणीपुरवठा पुढच्या जन्मी." मागचे लोक हसले. मला रडू आलं होतं, पण हौसाबाईंसमोर कसं रडायचं.

मग एक रिक्षावाला म्हणाला, सोलर ना? माहितीये, बसा. आणि त्यानं आम्हाला सिंहगड रोडला नेऊन एका दुकानासमोर उतरवलं, जिथं गच्चीवर ठेवायचे पाणी तापवायचे बंब होते, काळ्या नळ्यांचे. रिक्षा निघूनही गेली. दुकानाचे मालक खूप सभ्य, अहो-जाहो करणारे. मी सगळं सांगितलं, सांडपाणी, शुद्ध, ऊन, कॉलेज. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपण सांडपाणी बरोबर आणलं असतंत तर आम्ही ते आपल्याला गरम करून दिलं असतं." हौसाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग त्याच मालकांनी पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, आणि कुठली बस पकडायची ते नोकराला बरोबर पाठवून दाखवलं. पुण्यातली माणसं आधी टोचतात आणि मग मदत करतात. आमच्याकडे उलटं आहे, आधी चहा पाजतात.

या घोटाळ्यात वेळ गेला. कॉलेजच्या गेटवर पोचलो तर वॉचमन म्हणाला, प्लांटच्या मॅडम गेल्या, उद्या या. म्हणजे मुक्काम.

पण त्यामुळे मी धरण पाहिलं. मी जन्मापासून पुण्याचं पाणी पिते आणि धरण पाहिलं नव्हतं. भिंतीवर उभी राहिले. समोर पाणी, त्यामागे पाणी, मग डोंगर, त्यातल्या सिंहगडावर टीव्हीचा टॉवर काडीसारखा. वास नाही. हे मला सारखं वाटत होतं, एवढं पाणी आणि वास नाही. आमच्या मांजरीत नदी येते ती सगळ्या पुण्यानं धुऊन-पुसून सोडलेली, काळी, वर फेस. आम्ही शेवटी राहतो. हेच पाणी इथून निघतं, गावभर फिरतं, आणि आमच्यापर्यंत येताना असं होऊन येतं. मिलिटरीच्या शाळेची केस बारीक कापलेली पोरं रस्त्यानं पळत गेली, मितू त्यांना टाटा करत होती, आणि हौसाबाईंनी कणीस घेतलं, तिखट-मीठ-लिंबू चोळलेलं, आणि अर्धं तोडून मला दिलं.

संध्याकाळी त्यांच्या नणंदेकडे गेलो. चांगलं घर, शेणानं सारवलेलं अंगण अजून ठेवलंय, आत टाइल्स. नणंदबाईंनी विचारलं, तुझं आडनाव काय गं? मी सांगितलं, कांबळे. त्या बरं म्हणाल्या आणि आत गेल्या. पाणी आलं ते हौसाबाईंना तांब्या-फुलपात्र, आणि मला लग्नात देतात तो प्लास्टिकचा ग्लास. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, अशा वेळी उठून जातात. माझ्या कडेवर पोरगी, बाहेर अंधार, परकं गाव. मी बसून राहिले, पण ते पाणी मी प्याले नाही. हौसाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी तांब्या उचलला, माझ्यापुढे ठेवला आणि नणंदेला म्हणाल्या, "पिठलं जरा जास्ती टाक, ही पोरगी दोन भाकरी खाती." बास, एवढंच. पिठलं छान होतं. त्यांच्याकडे पिठल्यात लसूण ठेचून वरून घालतात, आमच्याकडे फोडणीत. मी दोन नाही, तीन भाकरी खाल्ल्या.

शनिवार

मॅडम माझ्याच वयाच्या निघाल्या. जीन्स, पायात बूट, हातात मोठ्ठा मोबाइल. मला वाटलं आता इंग्लिश बोलतील, पण मितूला बघून त्यांनी आधी तिच्यासाठी बिस्किट मागवलं.

आता नीट ऐका, मी काय पाहिलं. आधी एक हौद, त्यात होस्टेलचं सगळं पाणी येतं, आंघोळीचं, संडासचं, सगळं. वास आपल्या नाल्याचाच, डोळे मिटले तर मी मांजरीत. शेजारी गच्चीवर निळ्या काचेच्या मोठमोठ्या पाट्या, उन्हाकडे तोंड करून तिरक्या ठेवलेल्या. ऊन त्यांच्यावर पडलं की वीज होते, त्या विजेवर पंप चालतो आणि हौदात खालून हवा सोडतो. मॅडम म्हणाल्या, पाण्यात बारीक जंतू असतात, ते घाण खातात, पण त्यांनाही श्वास लागतो, म्हणून हवा. मग ते पाणी वाळूतून, मग कोळशातून, आणि शेवटी एका नळीत जांभळा दिवा, त्याच्याजवळून गेलं की उरलेले जंतू मरतात. हौदात असे बुडबुडे येत होते जसा मोठ्या पातेल्यात भात रटरटतो. मी बघतच राहिले. जे ऊन आपले पापड वाळवतं, तेच हे करतंय. एकदम ढग आला आणि पंपाचा आवाज खाली बसला, दम लागल्यासारखा. ढग गेला, पुन्हा सुरू. मॅडम म्हणाल्या, पावसाळ्यात म्हणून लाइटचंही कनेक्शन ठेवलंय.

मग शेवटचा नळ. त्यातून पाणी आलं ते, खरं सांगते, आपल्या नळापेक्षा स्वच्छ. काचेसारखं. वर पाटी, पुनर्वापराचे पाणी. मी दोनदा वाचली. मला इतका आनंद झाला. मला वाटलं, देवा, आता सुटलो, रांग गेली, भांडणं गेली, आता सगळ्या बायकांना जाऊन सांगते. मितूची वाटी-चमचा पिशवीत होती, सकाळचा वरणभात वाळून चिकटलेला. मी खाली बसले, नळ सोडला आणि वाटी धुवायला घेतली.

मॅडम लांबून धावत आल्या. "अहो ताई, नको, त्यात वाटी नका धुऊ."

मला वाटलं, मी त्यांचा नळ वापरला म्हणून. मी म्हणलं, सॉरी मॅडम, पण पाटीवर वापराचं लिहिलंय.

"वापराचंच आहे. पण भांड्यांना नाही. फ्लशला, झाडांना, रस्ते धुवायला."

मी वाटी तशीच धरून बसले. मग म्हणलं, मॅडम, आमच्यात घरात दोन पाणी असतात. एक प्यायचं, ते हंड्यात, झाकून, ओगराळ्यानं घ्यायचं. दुसरं वापरायचं, ते पिंपात. भांडी त्यानं, पोरांच्या आंघोळी त्यानं, तांदूळ धुवायचे त्यानं, भाजी त्यानं. प्यायचं सोडून सगळं म्हणजे वापरायचं.

मॅडम पाटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ही पाटी मीच करून घेतली, आणि आमच्याही घरी आजी असंच म्हणते, आणि माझ्या डोक्यातच नाही आलं. मी त्यांना विचारलं, पण दिसतंय तर स्वच्छ. त्या म्हणाल्या, दिसतं. आज आहेही. पण एखाद्या दिवशी ऊन कमी पडलं, कोणी वाळू धुतली नाही, दिवा गेला, तर पाणी असंच काचेसारखं दिसेल आणि तुम्हाला कळणार नाही. लहान मूल असलेल्या घरात तोंडात जाईल अशा कशालाही हे घेऊ नका. मी तरी देणार नाही.

हौसाबाई म्हणाल्या, "म्हंजी त्या कदमानं संडासचं पानी आपल्या पिंपात घालायचं ठरिवलंय व्हय?"

मॅडम म्हणाल्या, तसं नसेल हो, तो शब्दच तसा आहे, त्यांना फ्लशचंच म्हणायचं असेल. असेल. मला माहीत नाही. पण आमच्या वस्तीत फ्लश आहेत कुणाकडे? बाग आहे? मग दिवसभराचं ते पाणी आम्ही कशाला घेणार होतो? आणि त्याच्या बदल्यात नळ देणार होतो, मी पण देणार होते, हात वर करून. बाटलीतलं प्यायचं पाणी ओतून मी वाटी धुतली, चमचा धुतला, माझे हात धुतले, मितूचे धुतले, बाटली संपली तरी घासतच होते.

मी मॅडमना म्हणलं, उद्या मीटिंगला चला, तुमचं ऐकतील. त्या म्हणाल्या, मला कॉलेजची परवानगी लागेल, आणि उद्या रविवार. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनी लपवलं तर काही नाही ना.

परतीच्या बसमध्ये हडपसरपर्यंत हौसाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "उद्या तू बोलनार हायेस का?"

"हो."

"आनि माझ्या रस्त्याचं?"

या बाईच्या खोलीत आम्ही राहतो. तिनं काल माझ्यापुढे तांब्या ठेवला. तरी तोंडातून निघून गेलं, "तुमच्या रस्त्याचं तुम्ही बोला. मी पाण्याचं बोलते."

मांजरीला उतरताना त्यांनी मितूला माझ्याकडून घेतलं आणि घरापर्यंत उचलून आणलं.

रविवार

हा दिवस तुम्ही पाहिलात, तुम्ही तिथंच होतात. तरी लिहिते, कारण आता काहीजणी म्हणतात की मी भांडले. मी भांडले नाही. मी विचारलं.

विहारासमोर सतरंजी, खुर्चीत कदम साहेब, पांढरा शर्ट, मांडीवर डायरी. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, सोलर, उन्हावर, दिवसभर वापरायचं पाणी. मग म्हणाले, चला, हात वर करा. आणि काहींचे हात झालेच वर. मी उठले. मितू कडेवर, मी विहाराच्या खांबाला टेकले. आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता.

मी म्हणलं, साहेब, वापरायचं म्हणजे कशाला वापरायचं?

"वापरायचं म्हणजे वापरायचं. सगळ्याला."

"तांदूळ धुवायला?"

ते म्हणाले, आता त्यात काय एवढं, शुद्ध केलेलं असतं. मी म्हणलं, तुमच्या टॉवरमध्ये कुठं देणार? ते म्हणाले, फ्लशला आणि गार्डनला. मी म्हणलं, किचनमध्ये? ते म्हणाले, किचनमध्ये कसं देणार, तिथं कॉर्पोरेशनचं आहे. आणि हे बोलून झाल्यावर त्यांना कळलं ते काय बोलले. बायकांनाही कळलं. जे हात वर होते ते खाली आले, कोणी पदर सारखा केला, कोणी केस. माझ्या मागून आत्या म्हणाल्या, आमची आतडी काय वेगळ्या कारखान्यातून आणलीत का.

मग मी सगळं सांगितलं, हौद, हवा, वाळू, दिवा, ढग, वाटी. एका दमात. मी म्हणलं, साहेब, प्लांट करा. चांगला आहे, मी बघून आलेय, उन्हाचं एवढं काम मी कधी बघितलं नव्हतं. ते पाणी आमच्या सार्वजनिक संडासाला द्या, तिथं दिवसभर पाणी नसतं, आम्ही तुम्हाला डोक्यावर घेऊ. झाडं लावा, त्यांना द्या. नाल्यात घाण सोडू नका, त्यानं आमचीच पोरं वाचतील. पण नळाला हात लावायचा नाही. तुमच्या किचनमध्ये जे येतं तेच आमच्या पिंपात येणार.

साहेब हसले. म्हणाले, मग उभ्या राहा रांगेत जन्मभर, आम्हाला काय. मी म्हणलं, राहू. आजवर राहिलोच आहोत.

तेव्हा त्यांनी हौसाबाईंकडे पाहिलं, की आता तुम्ही तरी बोला, रस्ता तुमचा. मी पण पाहिलं. हौसाबाई म्हणाल्या, "रस्ता मला पायजेलच हाय. पर नळाच्या पलीकडनं काढा की, जागा काय कमी हाय व्हय." आणि तंबाखू मळायला लागल्या.

साहेबांनी डायरी उघडली. पेन काढलं. "नाव काय म्हणालात आपलं?"

एकदम ‘तुम्ही’चं ‘आपण’ झालं. आमचे हे मागे उभे होते, त्यांचा चेहरा उतरला, कारण त्यांची गाडी ज्या कंपनीला लागलीय तिथली माणसं याच टॉवरमध्ये राहतात. मला हे सगळं त्या एका क्षणात कळलं. मला वाटलं बसावं खाली. मितू माझं मंगळसूत्र धरून ओढत होती.

मी म्हणलं, रेश्मा.

"आडनाव?"

"कांबळे. रेश्मा प्रवीण कांबळे. हौसाबाईंच्या चाळीत, शेवटची खोली."

त्यांनी लिहिलं आणि डायरी मिटायला लागले. मी खांब सोडला, सतरंजीवरून चालत त्यांच्या खुर्चीपर्यंत गेले. म्हणलं, साहेब, उघडा जरा. नुसतं नाव काय करायचंय तुम्हाला, मी काय म्हणाले ते लिहा ना नावापुढे. त्यांनी वर बघितलं. मी म्हणलं, मला वाचता येतं, मी बघते. लिहा, नळ देणार नाही.

ते लिहीपर्यंत मी तिथंच उभी होते. ‘नळ’मधला ळ त्यांनी नीट काढला नव्हता, ल वाटत होता. मी म्हणलं, तो पण नीट करा.